दुमडलेला कोपरा

ता. ९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, हे मला ठाऊक आहे. चौथ्या आठवड्यात तू त्यावरून मला चांगलं सुनावशील, हेही ठाऊक आहे, म्हणून आधीच कान पकडते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पत्रात मी बोलत नाही, मग आपण दोघींनी करायचं तरी काय, असं तू विचारलं होतंस. आज मी बोलणार आहे. चष्मा पुसून बस.

आधी इकडचं. खोली तीच, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची. दिवसभर खालून चाकात हवा भरल्याची फुसफुस ऐकू येते आणि संध्याकाळी दुकान बंद झालं की तेवढीही येत नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत अकरा खुर्च्या आहेत आणि प्रत्येकीला मालक आहे. गेले सात महिने मी हात धुवायच्या बेसिनजवळच्या खुर्चीवर बसते, कारण ती कुणालाच नको होती. हात धुणारा प्रत्येक जण माझ्यावर चार थेंब उडवतो आणि सॉरी म्हणतो. दिवसभरात मोठी माणसं माझ्याशी बोलतात ते बहुतेक तेवढंच. रडगाणं गात नाहीये, नुसतं सांगतेय.

वर्ग मात्र चांगला आहे. सातवी, अडतीस डोकी. तुझा नियमसुद्धा मी चालू केलाय. जे पान फक्त बाईंनी वाचावंसं वाटेल त्याचा वरचा कोपरा आत दुमडायचा, म्हणजे ते वर्गात वाचलं जाणार नाही आणि कुणाला दाखवलंही जाणार नाही. पोरं आधी हसली. अजून फारसं कुणी दुमडत नाही.

आता खरी बातमी. मंगळवारी शाळेची तपासणी झाली. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पंधरा दिवस आधीपासून शाळा डोक्यावर घेतली होती. मला कायम करण्याचं पत्र या सत्राच्या शेवटी निघायचं, तेव्हा माझाही जीव टांगणीला. आदल्या दिवशी मी सगळ्या निबंधाच्या वह्या खोलीवर आणल्या, तपासल्या, तू करायचीस तसे पानांचे वळलेले कान एकेक करून सरळ केले आणि वह्या मोठ्या शब्दकोशाखाली दाबून ठेवल्या. विषय दिला होता, आमच्या घरातला एक आवाज. तपासताना एका वहीवर मी जी थांबले ती थांबलेच.

वर्गात एक मुलगी खिडकीपाशी बसते. सात महिन्यांत तिच्या तोंडून हजर याच्यापलीकडे फारसं काही ऐकलेलं नाही. मनातल्या मनात मी तिला खिडकीवाली म्हणते. तिची आई गेल्या वर्षी वारली. वडील चष्मे बनवतात, शाळेच्या रस्त्यावरच दुकान आहे आणि त्यामागेच घर. तिने लिहिलंय की आई गेल्यापासून घर फार गप्प झालं. म्हणून संध्याकाळी वडील पुढच्या खोलीत काम घेऊन बसले की ती स्वयंपाकघरात जाऊन आईसारखी भांडी वाजवते. झाकण पाडते, नळ उगाच सोडते, आई चिडली की कपाटाचं दार आपटायची तसं आपटते. वडिलांना वाटतं पोरगी धांदरट आहे. ती म्हणते वाटू दे, पण आवाज झाला की त्यांचे आवळलेले खांदे खाली येतात, ते मी दारातून बघते.

तपासणीचे साहेब माझ्याच तासाला येऊन मागच्या बाकावर बसले, आणि मी हा निबंध मोठ्याने वाचला. आत्या, अडतीस पोरं आणि एक चुळबुळ नाही! साहेबांनी चष्मा काढून पुसला. नंतर मोठ्या बाईंसमोर म्हणाले की मुलांकडून असं लिहून घेणारी शिक्षिका त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नाही. निबंध ते शिक्षण खात्याच्या अंकात छापणार आहेत, खाली मार्गदर्शन म्हणून माझं नाव. मोठ्या बाईंनी मला स्वतःच्या खोलीत चहाला बोलावलं. तिथल्या खुर्चीला गादी आहे.

सगळा निबंध उतरवून सोबत जोडलाय. वाच आणि सांग, तुझी भाची तुझ्या वळणावर गेली की नाही.

कानाचं यंत्र डबीत नाही, कानात ठेव. लोभ आहेच, तो माझ्या आळसाला पुरून उरो.

तुझी
ठिपकी

ता. १५ जानेवारी

चि. ठिपकीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. प्रत्येक शब्दापुढे पूर्णविराम ठोकणारी मुलगी म्हणून तुझं हे नाव पडलं, आणि आज तुझ्या वाक्यांत मला पूर्णविराम शोधत फिरावं लागलं. फार बरं वाटलं. पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर चढून आला, त्याला मी पाणी दिलं आणि पाकिटाची जाडी दाखवली. तो कौतुकाने काहीतरी बोलला, ते काही ऐकू आलं नाही. यंत्र कानात घातलं की शिट्टी वाजते आणि काढलं की काहीच वाजत नाही, त्यामुळे हल्ली माझं घर गप्प आहे की गडबडीचं, हे माझं मलाच कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई परवा जिन्यात भेटल्या. तुमच्याकडे रोज दुपारी खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, पाहुणे असतात वाटतं, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पाहुणे कुठले, मीच एकदा या खुर्चीवर बसते आणि एकदा त्या.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी वाण्याकडे गेले की हात लाल रिफिलकडे जातो. घरात नऊ पडल्यात. तुला हव्या असतील तर पाठवते.

आता तुझ्या निबंधाचं. सोबतचा कागद मी उघडलेला नाही. घडी होती तशीच परत पाठवतेय, बघ. पत्रात जे तू सांगूनच टाकलंस ते वाचून झालं, त्याला आता इलाज नाही. पण तो कागद माझ्या नावाचा नव्हता. त्या मुलीने तो मला लिहिलेला नाही.

म्हातारी खवचट झाली, असं वाटेल तुला. वाटू दे. एकच विचारते आणि त्याचं उत्तर तेवढं पाठव. त्या पानाचा कोपरा कसा होता?

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तुझाही थोडा इकडे असू दे.

तुझी
आत्या

ता. २४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि परत आलेला कागद, दोन्ही मिळालं.

खरं सांगू, मला वाईट वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला चांगलं म्हटलं आणि ते मी सगळ्यात आधी तुला कळवलं. तू एक ओळ कौतुकाची लिहिली असतीस तर तुझी लाल शाई काही संपली नसती. नऊ रिफिली आहेत म्हणतेस.

कोपऱ्याचं म्हणशील तर अडतीस वह्या होत्या आणि बहुतेकींची पानं वळलेली होती. पोरं दप्तरात वह्या कोंबतात, त्यावर डबा ठेवतात. कुठला कान आपोआप वळलाय आणि कुठला मुद्दाम दुमडलाय, हे कुणी कसं सांगावं? मी सगळेच सरळ केले. तूच शिकवलंस की वहीला हात लावला की आधी तिचे कान सरळ करायचे.

इकडे जरा बिनसलंय. खिडकीवाली तपासणीनंतर चार दिवस आलीच नाही. आता येते, पण हजेरीला हजरसुद्धा म्हणत नाही, नुसता हात वर करते, तोही बाकाच्या वर जेमतेम. काल मी फळ्याकडे वळले तर मागून कुणीतरी कंपासपेटीचं झाकण खाली टाकलं. मग दुसऱ्याने टाकलं. मग चारपाच जणांनी, आणि हशा पिकला. मी वळून रागावले, सगळ्यांना उभं केलं. ती एकटी बसून राहिली, खिडकीबाहेर बघत. तिला उभं राहायला मी सांगितलं नव्हतं, कारण तिने काही टाकलंच नव्हतं. पण त्यामुळे अख्ख्या उभ्या वर्गात ती एकटीच बसलेली दिसत होती, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

साहेबांचं पत्र आलंय. छपाईसाठी मूळ वही हवी, अक्षराचा फोटोही छापायचा म्हणतात. महिनाअखेर पाठवा, असं मोठ्या बाई दोनदा सांगून गेल्या. वही माझ्या खणात आहे.

आणखी काही नाही. तुला आनंद झाला नाही तो नाही. लोभ असला तर असू दे.

ठिपकी

ता. ३० जानेवारी

चि. ठिपकीस,
अ. उ. आ.

या वेळी पूर्णविराम जागच्या जागी होते. तू रागावलीस की तुझं व्याकरण सुधारतं.

अडतीस वह्यांचं मी विचारलं नव्हतं. एका पानाचं विचारलं होतं.

दप्तरात वळलेला कान गोल असतो. तो सरळ केला की कागद थोडा फुगतो आणि विसरून जातो. मुद्दाम दुमडलेल्या कोपऱ्याला रेघ असते. मुलं ती नखाने दाबतात, बोट दुखेपर्यंत, कारण बाईंना दिसलं नाही तर काय, ही त्यांना धास्ती असते. ती रेघ शब्दकोशाखाली जात नाही. इस्त्री फिरवली तरी जात नाही. निवृत्त होईपर्यंत मी त्या रेघा बोटाने वाचल्या आहेत, आणि त्या कशा लागतात हे तुला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

मी तुला पकडायला विचारत नाही गं. तू आता नोकरदार बाई आहेस, मी तिसऱ्या मजल्यावरची बहिरी. तुला धाक मी काय दाखवणार? पण तुझं पत्र मी चारदा वाचलं, आणि तू वर्गाला उभं केलंस ते सांगताना तुझं अक्षर खाली उतरत गेलंय. रेघेवर लिहिणारी मुलगी तू. काहीतरी टोचतंय तुला.

ते माझ्याकडे पाठव. इकडे जागा खूप आहे.

थंडी आहे, अंगावर नीट घाल. रागासकट लोभ असावा, रागाविना आला तरी चालेल.

तुझी
आत्या

ता. ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रेघ होती.

नखाने दाबलेली, अगदी तू लिहिलीस तशी. त्या संध्याकाळी कोपरा सरळ करताना ती माझ्या बोटाला लागली. मी थांबले. बोट तसंच ठेवून मी स्वतःला सांगितलं की डब्याखाली दबलेलं असेल. मग दुसरं सांगितलं, की दुमडलं तरी एवढं सुंदर लिहिल्यावर तिला ऐकवावंसं वाटतच असेल. मग तिसरं सांगितलं. एवढी कारणं लागतात तिथेच ओळखायला हवं होतं. मला त्या अकरा खुर्च्यांमधली एक हवी होती, आत्या. एवढंच होतं बघ.

आणि एवढंच नव्हतंही. ते वाचताना मला माझीच आई आठवली. कुणाला तरी हे ऐकू जावं, असं माझ्या पोटातून आलं. पण ऐकू जायला हवं होतं ते माझं. मी तिचं वाचलं.

शेजारच्या बाकावरच्या मुलीने घरी सांगितलं, तिच्या आईने चष्म्याच्या दुकानात. वाईट हेतूने नव्हे, कौतुकाने, की तुमच्या मुलीने किती छान लिहिलंय, बाईंनी वाचून दाखवलं. शुक्रवारी सुटल्यावर मी खिडकीवालीला थांबवलं आणि विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग म्हणाली की आता वाजवून उपयोग नाही, बाबांना कळलंय. पहिल्या दिवशी तिने झाकण पाडलं तर ते उठून दाराशी आले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. तेव्हापासून ती आवाज न करता सगळं उचलते, ठेवते. एवढं सांगून ती गेली. आठ महिन्यांत माझ्याशी ती बोललेली सगळ्यात लांब गोष्ट ही.

आत्या, एका लहान पोरीने आपल्या बापासाठी एवढं जपून एक घर उभं केलं होतं आणि मी ते तपासणी साहेबांना दाखवायला उघडलं. आता ते परत बंद कसं करायचं?

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, वही पाठवणार नाही, आणि वर्गासमोर माझी चूक कबूल करणार आहे. त्या वाईट नाहीत. दार लावून घेऊन त्यांनी मला समजावलं की वर्गासमोर एकदा माफी मागितली की मुलं डोक्यावर बसतात, पुढच्या वर्षी तास घेणं मुश्कील होईल. मुलीची हवी तर एकटीला बोलावून समजूत काढा. शिवाय अंकात छापून येणं हे तिच्याच भल्याचं, आणि साहेबांना नाही म्हणायचं तर कायम होण्याच्या कागदावर सही त्यांचीच असते, हे विसरू नका. वही तूर्त माझ्याकडेच आहे. सोमवारी त्या परत विचारणार.

काय करू, सांग. वर्गात बोलले तर पोरं पुन्हा तिच्याकडेच बघतील. एकटीशी बोलले तर जे सगळ्यांदेखत झालं ते कोपऱ्यात पुसल्यासारखं होईल.

एक आणखी. तुझा हा नियम कधी सुरू झाला, हे मला आठवतं. तुला वाटत असेल मी विसरले. चौथीत, माझ्या स्वेटरच्या निबंधानंतर जो सोमवार आला, त्या दिवशी. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. आजही बोलायला नको. नुसतं सांगितलं.

उत्तर लवकर दे. लोभ या वेळी मला जास्त लागणार आहे.

तुझी
ठिपकी

ता. १२ फेब्रुवारी

चि. ठिपकीस,
अ. उ. आ.

बोलायला नको म्हणतेस, पण मी बोलणार आहे. उशीर इतका झालाय की आणखी थांबण्यात शहाणपण नाही.

तुझी आई गेली त्या वर्षी दादा कामासाठी गावोगाव फिरत होता म्हणून तुला माझ्याकडे ठेवलं. घरी मी आत्या आणि शाळेत बाई. मी निबंध दिला, माझी आवडती वस्तू. तू आईच्या स्वेटरवर लिहिलंस. तो धुवायला देत नाहीस, पिशवीत तोंड बांधून ठेवतेस आणि फक्त रविवारी उघडतेस, कारण रोज उघडला तर वास संपून जाईल, असं तू लिहिलं होतंस. मी तो निबंध वर्गात वाचला. तुला न विचारता. वाचताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं, हेही लिहून टाकते. मुख्याध्यापक जाता जाता दारात थांबले. म्हणाले, काय शिकवता बाई तुम्ही!

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुली आपल्या घरी आल्या. त्यांना वास घेऊन बघायचा होता. मी त्यांना खाऊ दिला आणि कौतुकाने तुझ्याकडे पाठवलं. संध्याकाळी गॅलरीत आले तर दोरीवर तो स्वेटर निथळत होता. तू तो फरशी पुसायच्या साबणाने धुतला होतास. हाताला फेस तसाच होता. आणि मी तुला काय म्हटलं, ठिपके, आठवतं तुला? मी म्हटलं की शहाणी गं माझी, स्वतःचं स्वतः धुतलंस.

तू मान हलवलीस आणि आत गेलीस.

मला कळायला पाच दिवस लागले. तुझ्यासमोर येऊन बसण्याची माझी हिंमत झाली नाही, म्हणून सोमवारी वर्गासमोर उभी राहिले आणि दुमडलेल्या कोपऱ्याचा नियम सांगितला. चांगलाच नियम होता, इतर बायांनीही उचलला. मला वाटलं, फिटलं. माफी मागायची सोडून मी नियम केला, गं. तेराव्या वर्षी तू वसतिगृहात जायचा हट्ट धरलास, सुट्टीला चार दिवस यायला लागलीस, पत्रं तारेसारखी झाली. मी सगळ्यांना सांगत राहिले की माझी भाची भारी स्वतंत्र आहे. चौतीस वर्षं लोकांच्या मुलांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या आणि आपली एक तशीच सोडून दिली.

तर आता मागते. ठिपके, मी चुकले. पान तुझं होतं. ते वाचण्याचा हक्क मला नव्हता, आणि त्यानंतर गप्प बसण्याचा तर मुळीच नव्हता. माफ करायचं की नाही ते तू ठरव, नाही केलंस तरी माझी तक्रार नाही. पण मी मागितली, हे तुझ्याजवळ असू दे.

आता तू विचारलंस ते. जिथे केलं तिथेच कबूल कर, वर्गात. पण पानात काय होतं त्यातला एक शब्दही उच्चारू नकोस, निबंध कुणाचा तेही नाही, आणि खिडकीकडे बघू नकोस. नियम मी केला आणि मीच मोडला, एवढंच सांग. ती चूक तुझी आहे, तेव्हा पोरांनी बघायचं तर तुझ्याकडे बघू देत. वही तिच्या हातात दे, एकटीला गाठून. ती काही बोलली नाही तर बोलायला लावू नकोस. माफी मागून उत्तराची वाट बघत उभं राहिलं की ते पुन्हा मागणंच झालं.

कायम होण्याच्या पत्राचं मी काय सांगू? मी कायम होते. माझ्या खुर्चीला गादी होती.

तुझी चुकलेली
आत्या

ता. २ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं केलं.

सोमवारी हजेरी झाल्यावर मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं की या वर्गात दुमडलेल्या कोपऱ्याचा एक नियम आहे. तो मी केला आणि मीच मोडला. मला रेघ दिसली होती आणि तरी मी पान वाचलं. माझं चुकलं, मी माफी मागते. ज्यांना यापुढे माझ्यावर भरवसा ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नये, पण त्यांचे मार्क कमी होणार नाहीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलले. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर झाकणं पाडणारा जो म्होरक्या आहे, त्याने कंपासपेटी उचलून दप्तरात टाकली. मग मी धडा काढायला सांगितला आणि तो आवाज न कापता वाचून दाखवायला मला दोन परिच्छेद लागले.

वही मी तिला सुटल्यावर दिली. तिने घेतली, आधी तो कोपरा बघितला, मग वही दप्तरात सगळ्यात तळाशी घातली आणि गेली. मी थांबले नाही. म्हणजे उभी होते, पण वाट बघत नव्हते. निदान तसा प्रयत्न केला.

मोठ्या बाईंनी साहेबांना काय कळवलं मला माहीत नाही. माझी मुदत एक वर्षाने वाढवली, कायमचं पत्र पुढच्या वर्षी बघू. शिक्षकांच्या खोलीत बातमी पोहोचायला अर्धा तास लागला. मी बेसिनजवळच आहे. थेंब उडतात, सॉरी मात्र आता सगळे म्हणत नाहीत.

मागच्या आठवड्यात नवा निबंध झाला. खिडकीवालीने शाळेच्या घंटेवर पाच ओळी लिहिल्या, कुठल्याही पुस्तकातून उतरवाव्यात तशा. शुद्धलेखन अचूक. कोपरा सरळ. त्या सरळ कोपऱ्याकडे मी बराच वेळ बघत होते. तो मला तिचं उत्तर म्हणून पोहोचला आणि मी तो घेतला. मार्क पूर्ण दिले.

शनिवारी माझ्या चष्म्याची काडी निखळली. गावात चष्म्याचं दुकान एकच, जाणं भाग होतं. त्यांनी मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि स्क्रू बसवायला घेतला. संध्याकाळची वेळ होती. त्यांच्या हातांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या, फार वेळ पाण्यात राहिलं की पडतात तशा. माझी नजर गेली असावी. ते म्हणाले की हल्ली संध्याकाळची भांडी तेच घासतात. सवय नाही, त्यामुळे झाकणं फार पडतात, नळ उगाच चालू राहतो. मुलगी पुढच्या खोलीत अभ्यासाला बसते आणि म्हणते की बाबा, तुम्ही किती धांदरट. एवढं सांगून त्यांनी काच पुसली आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी तो लगेच लावू शकले नाही.

घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं. अकरा दिवस मी त्याला उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. शेवटी लिहून झालं.

सुट्टीला येते. चार दिवस नाही, सगळी सुट्टी. दुसऱ्या खुर्चीवर मी बसेन, तू सारखी उठबस करू नकोस. कानाचं यंत्र दुरुस्त करून घे आणि शिट्टी वाजली तरी घालून ठेव, मी भांडी फार वाजवते.

एका रिफिलीची गरज आहे. बाकीच्या तुझ्याकडेच असू देत. लोभ मागत नाही या वेळी, तो पोहोचला.

तुझी
ठिपकी

ता. क. पाकिटात आणखी एक पान आहे. त्याचा वरचा कोपरा आत दुमडलाय, नखाने दाबून.